अर्चालीची राखणदारीण

झूरानं चाबकाचा पहिला फटका ड्रायव्हरच्या पाठीवर ओढला आणि दुसरा, तो वळल्यावर, थेट गालफडावर. आधी विचारपूस आणि मग मार, असली शिस्त तिच्याकडे नव्हतीच. घोडे जिथून नदी ओलांडतात तिथं ट्रक लावून तो बाबा डिझेलचं रिकामं पिंप खंगाळत बसला होता. पाण्यावर तवंग पसरत चाललाय आणि हा निवांत शीळ घालतोय! गालावरून रक्त ओघळलं तसा त्यानं ट्रकमधला पाना उपसला. झूरानं सरळ घोडीच अंगावर घातली. तो उताणा पडला तो बर्फाच्या पाण्यात. ती खोगिरावरून खाली वाकली आणि म्हणाली, "धुतलंस ना इथं? मग आता पी."

तो प्याला. ओंजळभर प्याला, तिथंच ओकला, पिंप उचललं आणि चालता झाला. तो वरच्या सोन्याच्या छावणीतला माणूस आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर दुसरा फटका तोंडावर बसला.

आमच्या अर्चाली गावात झूराला 'किड्यांची एजे', म्हणजे किड्यांची ताई म्हणत, पण ते तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती कुणाची? तिचं काम होतं नदीची तब्येत बघायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी शहरातून पाण्याची तपासणी करणारी माणसं आली होती. नदी आजारी पडली की तिच्या तळातले किडे सगळ्यांच्या आधी सांगतात, असं त्यांनी गावाला समजावलं. दर आठवड्याला नदीत गुडघे टेकायचे, दगड उलटायचे, दगडाच्या पोटावरून ब्रश फिरवून जे निघेल ते एनॅमलच्या पांढऱ्या तसराळ्यात घ्यायचं आणि बघायचं. दोन शेपट्यांचा किडा सगळ्यात नाजूक. पाणी जरा नासलं की तो पहिला जातो. मग तीन शेपट्यांचा. मग वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधणारा. नुसत्या लाल अळ्या उरल्या की नदीचं काही खरं नाही. जे दिसेल ते शहरात फोनवर कळवायचं आणि किडे परत पाण्यात सोडायचे, इतकंच.

गावातल्या पुरुषांना हसू आवरेना. अळ्या बघायला काय माणसाचा जन्म घ्यायचा, म्हणाले. तेव्हा झूराचा थोरला दीर अकमत उठला. म्हणाला, "हे काम तिला द्या. तिला दात आहेत."

या दातांची गोष्ट सांगायलाच हवी. झूरा मूळची डोंगरापलीकडची. वयात आली तेव्हा एकदा मावशीबरोबर बाजाराला आली होती. चौघांनी तिला उचललं आणि गाडीत कोंबलं. आमच्यात तेव्हा मुली अशा पळवून आणायचे आणि वर त्याला रिवाज म्हणायचे. रिवाज कसला डोंबलाचा, दरोडा होता तो! नवरदेव एसेन पुढच्या सीटवर बसून स्वतःच थरथरत होता, आणि मागं अकमतनं तिचे हात धरले होते. तिनं त्याच्या अंगठ्याच्या बुडाचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. तो अंगठा पुन्हा कधी वाकला नाही. घरी बायकांनी तिच्या डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल घातला की ती फेकून द्यायची, पुन्हा घातला की पुन्हा फेकायची, एका म्हातारीला तर तिनं लाथ घातली. तेवढ्यात हाताला फडकं गुंडाळलेला अकमत आत आला आणि बायकांवर ओरडला, "सोडा तिला. हिला हिच्या घरी मी नेऊन घालतो."

त्यानं खरंच घोडा काढला. पण वाटेवरच तिच्या बापाचा निरोप घेऊन माणूस भेटला: दुसऱ्याचा उंबरा ओलांडला आहेस, आता तिथंच मर. झूरानं घोडा स्वतःच वळवला. रडली नाही. मात्र त्या दिवसापासून तिच्या जगात माणूस म्हणावा असा एकच उरला, अकमत. नवरा नंतर, हळूहळू.

आणि नेमकं त्याचंच नाव तिला घेता येत नव्हतं. आमच्याकडे सून सासरच्या थोरांचं नाव उच्चारत नाही. नवऱ्याहून जो मोठा तो कायनागा, बस्स. तिच्या सासऱ्याचं नाव बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. तर तिच्या घरात कुऱ्हाडीला 'लाकूडफोडी' म्हणत. बाकी झूरा कुणाला भीक घालायची नाही. पोलिसाच्या जावयानं बॅटरीच्या तारा सोडून मासे मारले, तर तिनं त्याची बॅटरी दगडानं फोडली आणि त्याच दगडानं त्याचा गुडघा. सरपंचाच्या बायकोनं सोड्यानं सतरंज्या धुतल्या, तर सतरंज्या वाहवून दिल्या. पण हा एक नेम तिनं कुणी न सांगता पाळला. ज्यानं त्या दिवशी एकट्यानं दार उघडलं, त्याचा मान तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ठेवता येत नव्हता, म्हणून.

नदी तिला आवडली ती आधी रागापोटी. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती रोज काठावर जाऊन बापाच्या नावानं बोंबलायची, कारण पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. पुढं बोंबलणं थांबलं, जाणं राहिलं. मूलबाळ झालं नाही. एसेन भला माणूस, घोडे चारायचा, भांडी घासायचा, बायकोच्या फटक्यांच्या तक्रारी घेऊन कुणी आलं की त्याला चहा पाजून घालवायचा. तरी स्वतःची म्हणावी अशी तिची एकच चीज होती, ती नदी. दगडाखालचे दोन शेपट्यांचे पळाले की ती त्यांच्याशी बोलायची, अरे थांब की मेल्या, खात नाही तुला.

मग सोन्याची छावणी आली. वरच्या खोऱ्यात, दोन ओढे मिळतात तिथं, कुंपण पडलं, लोखंडी खोल्या आल्या, बंदूकवाले पहारेकरी आले. डोंगर फोडायचा, माती सायनाइडच्या पाण्यात धुवून सोनं काढायचं आणि उरलेला विषारी गाळ मोठ्या तळ्यात साठवायचा. तळ्याला मातीचा बांध, बांधाला लाकडी फळ्यांचं दार, दाराला दोन ओंडक्यांचा टेकू. दारातून सतत पाझरायचं. पहिल्या उन्हाळ्यात झूराच्या तसराळ्यातून दोन शेपट्यांचे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात तीन शेपट्यांचे बोटावर मोजण्याइतके उरले आणि वाळूची काही घरंही रिकामी सापडायला लागली.

ती तसराळं घेऊन छावणीच्या साहेबाकडे गेली. साहेब गोड बोलणारा, त्यानं चहा मागवला, मनुका पुढं केल्या आणि हसत म्हणाला, "एजे, चार किडे मेले म्हणून सुतक धरायचं का आम्ही?" झूरानं कडकडीत चहा त्याच्या छातीवर ओतला. पहारेकऱ्यांनी तिला केसांना धरून फाटकाबाहेर फरफटत आणलं. त्यानंतर शहरातून कागद आले, पाहणी आली, पाहणीवाले मनुका खाऊन गेले. आणि मग तो ड्रायव्हर आला पिंप धुवायला.

ड्रायव्हरच्या गालाचा हिशेब छावणीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी चुकता केला, पण झूराशी नाही. एसेन वरच्या कुरणात घोडे वळत होता. दुपारी त्याचा घोडा आपला आपणच चालत घरी आला आणि खोगिरावर आडवा एसेन. बरगड्या मोडलेल्या, जबडा निखळलेला, दोन्ही हातांची बोटं बुटाखाली चिरडलेली. तोंड उघडून बघितलं तर आत नदीची वाळू कोंबलेली. झूरा एकेक चिमूट वाळू बोटानं काढत राहिली. वाळूबरोबर दात येत होते. अख्ख्या जन्मात ज्यानं कुणाला अरे म्हटलं नाही, त्याला मारून काय मिळालं असेल त्या कुत्र्यांना?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, नदीवर गेली आणि दगड उलटले. आठवड्याचा वार नव्हता, तरी गेली. तसराळ्यात तीन शेपट्यांचे काही निघाले, अगदी थोडे, पण जिवंत, वळवळणारे. नदी आजारी होती, मेलेली नव्हती. तिनं त्यांना नेहमीसारखं परत पाण्यात सोडलं आणि रिकामं तसराळं काखेत मारून अकमतच्या अंगणात आली. तिथं गावातले पुरुष जमले होते, दस्तरखानाचं कापड पसरलं होतं, चहा आणि बोऊर्सोकचे तळलेले गोळे चालले होते आणि तक्रार कुणाकडे करावी यावर काथ्याकूट चालला होता. सुनेनं दाराशी बसायचं असतं. झूरा तशीच मधोमध गेली आणि तिनं तसराळं रोट्यांच्या बाजूला आपटलं.

"बघा," ती म्हणाली. "आज सकाळचं आहे. दिसतंय का काही त्यात? तुमची नदी मेली. माझा नवरा तिकडं मरायला टेकलाय. आणि तुम्ही बसलाय चहा फुंकत. डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या काढून द्या मला, चूल पुसायला होतील. नाहीतर उठा, आणि ती छावणी मुळासकट उखडा. एक खांब उभा ठेवू नका."

बोलणं टोपीवर गेलं की आमचा माणूस संपला. पण खोटं बोलली ती. किडे तिनं स्वतःच सोडले होते, आणि ही मंडळी रिकाम्या तसराळ्याकडे प्रेताकडे बघावं तशी बघत होती. ते तिला कळत होतं. तिला त्यांचा संतापच हवा होता, आणि तो हवा तेवढा मिळाला. अकमतनं कप उपडा घातला आणि म्हणाला, "घोडे काढा."

अकमत तरुणपणी बोकडाच्या खेळातला नावाजलेला गडी. मुंडकं कापलेलं बोकडाचं धड जमिनीवरून उचलायचं, मांडीखाली दाबायचं आणि बाकीच्या घोडेस्वारांच्या रेट्यातून पळवत न्यायचं, हा आमचा खेळ. त्यात हाडं मोडतात, कधी माणूसही जातो. अजूनही त्याच्याकडे त्याच जातीचा घोडा होता, काळा, रुंद छातीचा, अंगावर कितीही घोडे आदळले तरी न हटणारा. त्या काळ्याच्या मागं त्या सकाळी अख्खं गाव निघालं. शेवटी झूरा. तिला कुणी ये म्हटलं नाही, नको म्हणायचीही कुणाची हिंमत झाली नाही.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गोळी झाडली ती आमच्यातल्या एका घोड्याच्या मानेत बसली. झालं. घोडा किंचाळत कोसळला आणि त्या किंचाळीनं माणसांचं भान गेलं. कुंपण घोड्यांच्या छातीनंच आडवं झालं. पहारेकऱ्यांना पळता भुई थोडी झाली. चाबूक, काठ्या, रिकिबीची लोखंडं, हाताला येईल ते चालत होतं. एकाचं नाक सपाट झालं, एकाचा हात कोपरातून उलटा लोंबायला लागला. लोखंडी खोल्या दोर लावून उलथल्या. जनरेटर पेटला. डिझेलची पिंपं एकामागून एक फुटायला लागली आणि काळा धूर खोऱ्यात कोंडला. साहेब संडासात लपला होता. त्याला संडासासकट लोळवला. हसत होते लोक, रडतही होते, आणि मारत होते.

झूराला एकच माणूस हवा होता, एसेनच्या तोंडात वाळू कोंबणारा. तो तिला खडीच्या ढिगामागं सापडला आणि लगेच ओळखू आला, कारण त्याच्या डोक्यावर एसेनची टोपी होती. तिनंच हातानं कशिदा भरलेली, काळ्या काठाची. ती घोडीवरून उतरली. त्यानं हात जोडले. तिनं मारलं. तो पडला तरी मारलं, पालथा झाला तरी मारलं, तोंडात मूठभर खडी कोंबली आणि पुन्हा मारलं. त्याचा आवाज बंद झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती फटक्यागणिक काहीतरी बरळत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिथं ती जेवढा वेळ गुंतली तेवढ्यात बाकीचे वर गेले होते.

मान वर केली तर उखडायला काही उरलं नव्हतं. सगळे बांधापाशी जमले होते. एक खांब उभा ठेवू नका, असं तिनंच सांगितलं होतं ना? तर फक्त दोन खांब उभे होते, तळ्याच्या दाराला टेकू दिलेले ते दोन ओंडके. त्यांना फास पडले होते. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून घोडे दोर ताणत होते. आणि बरोबर दारासमोर, खालच्या अंगाला, काळ्या घोड्यावर अकमत. दोराचं टोक त्यानं खोगिराला बांधलं होतं आणि वरून मांडी दाबली होती, बोकड दाबावं तशी.

त्या फळ्यांमागं काय आहे ते या सगळ्यांनी बघितलं होतं, रोज बघत होते. पण त्यांच्या लेखी ती छावणीची आणखी एक वस्तू होती, मोडायची राहिलेली. आणि नदी तर मेलीच होती ना! झूरानंच दाखवली होती मेलेली. आता आणखी तिचं काय बिघडणार?

ती घोडीवर चढली आणि ओरडत सुटली, "कायनागा! नको! कायनागा!" पिंपं फुटत होती, कुत्री भुंकत होती. आणि त्या घोळक्यातले निम्मे तर तिचे कायनागाच. दोघा-तिघांनी वळून बघितलं. धुरातून दौडत येणारी, रक्तानं माखलेली, हातात चाबूक घेतलेली झूरा त्यांना दिसली आणि त्यांना वाटलं ही चेव चढवतेय. त्यांनी मुठी उंचावल्या, दोर आणखी ताणले. अकमत वळला नाही. कायनागा हा शब्द सगळ्यांचा. त्याच्या एकट्याचा नव्हता.

ती त्याच्या घोड्याच्या शेपटीपाशी पोचली तेव्हा ओंडका कुरकुरत होता. आता एकच उपाय होता, नाव. नावानं हाक मारली असती तर तो कुठल्याही गोंगाटात वळला असता, कारण घरच्या सुनेच्या तोंडून ते नाव ऐकणं म्हणजे आभाळ फाटणं. नाव तिच्या जिभेवर आलंही. दातांच्या आतपर्यंत आलं आणि तिथं अडलं. तोंड उघडं, आवाज नाही. आणि तोंड अडलं की झूराचं जे नेहमी व्हायचं तेच झालं. हात चालला.

तिनं नेम धरला होता दोरावरच्या त्याच्या हातावर. पण त्याच क्षणी अकमत जोर लावायला पुढं वाकला आणि चाबूक बसला काळ्याच्या पुठ्ठ्यावर. आता हा बोकडाच्या खेळात वाढलेला घोडा. त्या खेळात गर्दीत अडकलेल्या स्वाराच्या घोड्याला मागून साथीदार चाबूक मारतो, आणि घोड्याला माहीत असतं की आता जीव गेला तरी पुढं झेप घ्यायची. काळ्यानं झेप घेतली.

ओंडका मुळातून निघाला. क्षणभर फळ्या तशाच उभ्या राहिल्या, मग त्या फुगल्या आणि दारासकट बांधाचा तो सगळा भाग खाली आला. बाजूचे घोडेस्वार उतारावर होते, ते पांगले. झूराची घोडी बिथरली आणि तिला उतारावर फेकून पळाली. अकमत बरोबर समोर होता आणि खोगिराला ओंडका बांधलेला होता. राखाडी गाळाची भिंत त्याच्यावर कोसळली, घोड्याचं डोकं एकदा वर आलं, पुन्हा आलं नाही.

तेव्हा तिनं नाव घेतलं. "अकमत! अकमत!" काठाकाठानं पळत, ठेचकाळत, गळा फाटेस्तोवर, "अकमत!" तिथं असलेली माणसं आजही सांगतात, गाळ सुटला त्यापेक्षा त्या हाकेनं आम्ही जास्त हादरलो. मग कुणीतरी भानावर आलं, खाली दौडलं, फास फेकले. वळणावरच्या खडकापाशी एक फास अकमतच्या खांद्यात अडकला आणि त्याला मेलेल्या बोकडासारखा ओढून बाहेर काढला. जिवंत होता. डोळ्यांत, नाकात, घशात तो गाळ. धुवायला जवळ पाणी नव्हतं, कारण पाणी म्हणून जे होतं ते हेच होतं. शेवटी सगळ्यांनी आपापल्या कातडी पिशव्यांतला कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, त्याच्या तोंडावर ओतला.

घोडेस्वार गाळाच्या लोंढ्यापुढं धावले, काठावरच्या बायकामाणसांना ओरडून वर काढलं, त्यामुळं माणूस कुणी दगावलं नाही. जनावरांना कोण सांगणार? खालच्या कारादोबो गावच्या गायी दुपारी पाण्यावर गेल्या आणि तिथंच एकीवर एक पडल्या. मासे पांढरी पोटं वर करून आले. दुसऱ्या दिवशी कारादोबोचे लोक लाठ्या घेऊन आमच्यावर चालून आले, घरांच्या काचा फोडल्या, रस्त्यात दिसेल त्याला बडवलं. आम्ही हात उचलले नाहीत. कुठल्या तोंडानं उचलणार?

छावणी गेली. तिच्या लोकांनी सांगितलं, बांध गावानं फोडला. गावानं सांगितलं, बांध मुळातच कुजका होता. दोन्ही खरं होतं. झूरा चौकशीवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या चाबकानं फुटला, मला न्या. त्यांनी खाटेवर पडलेल्या अकमतला विचारलं. त्याच्या घशातून नीट आवाजही निघत नव्हता. तरी तो म्हणाला, "ती तिथं नव्हतीच. नवऱ्याजवळ बसली होती घरी." झूराची चौकशी तिथंच संपली. गावातल्या चौघांना शिक्षा झाली, अकमतला आजारपणामुळं सोडलं.

एसेन वाचला. त्याची बोटं वाकत नाहीत, त्याला झूरा भरवते. त्या दिवसानंतर तिनं कुणावर हात टाकला नाही. परवा कुणीतरी भर नदीत मोटारसायकल धूत होतं. ती जाऊन नुसती समोर उभी राहिली, आणि त्या उभं राहण्यानंच तो बिचारा मोटारसायकल ढकलत पळाला. नदीचं काम मात्र तिनं सोडलं नाही. गावानंही ते काढून घेतलं नाही, दुसरं कुणी नव्हतंच. पहिल्या वर्षी वितळलेल्या बर्फानं गाळ धुतला, दुसऱ्या वर्षीच्या बर्फानं पाणी पार नितळ झालं. वरून बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही. शहरातले म्हणाले, विष गेलं आता, वाट बघा. ती दर आठवड्याला वाट बघायला जायची.

एका सकाळी अकमत काठी टेकत तिथं आला. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं धुरकट दिसायचं. काठावर बसला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आहे का काही?"

"नाही, कायनागा."

"तू नाव घेतलंस माझं."

झूरा पाण्यात गुडघ्यावर होती. तिनं मान वर केली नाही. चुकले, एवढंच ती म्हणाली.

"रागावलो नाही मी," तो म्हणाला. "गाळात होतो ना, तेव्हा ऐकलं. नाक-तोंड बंद, पण कान चालू होते. पहिल्यांदाच ऐकलं तुझ्या तोंडून. चांगलं वाटलं बघ." मग म्हणाला, "पोरी, तेच आधी घेतलं असतंस तर थांबलो असतो की मी."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला तो. झूराला वाटलं, याच्या हातात चाबूक द्यावा आणि म्हणावं, मारा. पण तो मारणार नव्हता. कुणीच मारणार नव्हतं.

"बघ की पुढचा दगड," तो म्हणाला. "मला दिसत नाही. तू सांग."

तिनं पुढचा दगड उचलला, उलटा केला, त्याच्या पोटावरून ब्रश फिरवला आणि तसराळं उन्हात धरलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं.